विश्लेषण : गुडघ्याच्या रिपोर्टवरचा ‘केएल ग्रेड’ आला कुठून? संधिवात मोजायला शिकवणारे केलग्रेन कोण होते?

गुडघा दुखू लागला की एक्स-रे निघतो आणि त्यासोबतच्या कागदावर एक ओळ येते : ‘ऑस्टिओआर्थरायटिस, केएल ग्रेड ३’. घरी पोहोचेपर्यंत तिचे भाषांतर झालेले असते. ‘वंगण संपले’, ‘गादी झिजली’, ‘चौथा ग्रेड आला की ऑपरेशन’. यातला ‘के’ म्हणजे जोनास हेन्रिक केलग्रेन आणि ‘एल’ म्हणजे जॉन लॉरेन्स. दोघे इंग्लंडमधील मँचेस्टरचे डॉक्टर. त्यांनी १९५७ मध्ये ही श्रेणी मांडली, ती मात्र कुणाचे ऑपरेशन करायचे हे ठरवण्यासाठी नव्हती. खाणकामगारांच्या वस्त्या आणि खेडी तपासताना सांधे झिजलेल्यांची मोजणी एकाच मापाने व्हावी, हा तिचा हेतू होता. ते माप तयार करताना केलग्रेन यांनी तरुण डॉक्टरांना एक सवय लावली. आजार मोजण्याआधी मोजणाऱ्यांनी स्वतःची परीक्षा घ्यायची.

केलग्रेन कोण होते?

जन्म १९११ चा. वडील स्वीडिश, आई रशियन, वाढ आणि शिक्षण इंग्लंडमध्ये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधून १९३४ मध्ये ते डॉक्टर झाले आणि दोनच वर्षांत शस्त्रक्रियेची एफआरसीएस ही पदवीही मिळवली. वाट सर्जन होण्याकडे जात होती. ती वळली सर थॉमस लुईस यांच्यामुळे.

लुईस हे हृदयाच्या ईसीजीवरील कामामुळे जगभर नाव झालेले संशोधक. रुग्ण तपासता तपासता फावल्या वेळात करायचे काम म्हणजे संशोधन नव्हे, त्यासाठी डॉक्टरांना वेगळे तयार करावे लागते, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या प्रयोगशाळेत तरुणांना आणखी एक गोष्ट शिकायला मिळे. प्रयोगाची सुई आधी स्वतःला टोचायची.

स्वतःच्या अंगावर कोणते प्रयोग केले?

केलग्रेन यांनी मिठाचे ६ टक्क्यांचे तीव्र द्रावण घेतले आणि स्वतःच्या व स्वयंसेवकांच्या स्नायूंत आणि पाठीच्या मणक्यांमधल्या अस्थिबंधांत टोचले. या द्रावणाने काही मिनिटे जोरदार वेदना होते आणि मग ती ओसरते. दुखते नेमके कुठे, हे त्या काही मिनिटांत नोंदवायचे.

निष्कर्ष चक्रावणारा होता. सुई एका जागी आणि दुखणे दुसऱ्याच जागी. नितंबाच्या स्नायूत द्रावण गेले की कळ पायात उतरायची. कमरेच्या वरच्या मणक्यांमधल्या अस्थिबंधात ते टोचले की दुखणे कुशीतून जांघेकडे जायचे, अगदी मूतखड्याच्या कळेसारखे. मूत्रपिंडाला मात्र काहीही झालेले नसायचे. १९३८ आणि १९३९ मधील त्यांच्या निबंधांत कोणत्या भागातली वेदना शरीरावर कुठे जाणवते याचे नकाशे आहेत. ‘रेफर्ड पेन’ या विषयावर ते आजही आधाराला घेतले जातात.

सांधेदुखीच्या मोजणीशी याचा संबंध सरळ आहे. रुग्ण जिथे बोट ठेवतो तिथेच आजार असेल असे नाही, हे केलग्रेन यांनी विशीतच अंगावर घेऊन पाहिले होते. मग गावभर फिरून ‘गुडघा दुखतो का?’ एवढेच विचारले तर उत्तरांच्या बेरजेला किती अर्थ उरेल? वेदनेची नोंद हवी, तिच्यापलीकडचा पुरावाही हवा, आणि दोन्ही वेगळे ठेवायला हवेत.

मँचेस्टरला काय सुरू झाले?

दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या वैद्यकीय दलात आणि नंतर ऑक्सफर्डच्या अस्थिरोग रुग्णालयात काम केल्यावर १९४७ मध्ये केलग्रेन मँचेस्टरला आले. जुनाट संधिवाताच्या संशोधनाचे नवे केंद्र त्यांच्याकडे सोपवण्यात आले. १९५३ मध्ये ते तिथे प्राध्यापक झाले. ऱ्हुमॅटॉलॉजी या विषयाचे ब्रिटनमधले हे पहिले प्राध्यापकपद.

तोवर या विषयाला फारसा मान नव्हता. संधिवाताचा रुग्ण म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पाठवायचा माणूस. माहिती होती तीही रुग्णालयात येणाऱ्यांची. आता रुग्णालयात येतो कोण? ज्याला सहन होत नाही तो, ज्याला रजा मिळते तो, किंवा ज्याला नुकसानभरपाईसाठी कागद हवा तो. घरीच बसून राहणारी बाई आणि दुखत असूनही कामावर जाणारा मजूर त्या आकड्यात येतच नाहीत.

म्हणून लॉरेन्स आणि सहकारी दवाखान्याबाहेर पडले. मँचेस्टरजवळचे ली हे कोळशाच्या खाणींचे आणि सूतगिरण्यांचे गाव. यॉर्कशायरमधील वेन्सलीडेल हा शेती आणि गुरांचा डोंगराळ भाग. अशा ठिकाणी लोकांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी नावे निवडायची आणि निवडलेल्या प्रत्येकाला गाठायचे. त्याला काही होत असो वा नसो. प्रश्न विचारायचे, सांधे तपासायचे, रक्त घ्यायचे, एक्स-रे काढायचा. यादीतले नाव सापडले नाही म्हणून शेजाऱ्याला घेतले असे चालत नाही, कारण जो सहज सापडतो तो नेहमी वेगळा माणूस असतो. अशा मोजणीच्या शास्त्राला मराठीत साथरोगशास्त्र म्हणतात. गुडघेदुखीची साथ येत नाही, त्यामुळे हे नाव इथे थोडे फसवे आहे.

खाणकामगारांमध्ये काय सापडले?

‘खाणकामगारांमधील संधिवात’ या विषयावरचा केलग्रेन आणि लॉरेन्स यांचा एक्स-रे अभ्यास १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. खाणीत काम करणाऱ्यांची तुलना इतर कामगारांशी आणि कचेरीत बसणाऱ्यांशी केली होती. खाणकामगारांच्या गुडघ्यांत झीज आणि कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांत बिघाड अधिक आढळला. अरुंद, बुटक्या बोगद्यांत गुडघ्यांवर रांगत आणि वाकून कोळसा काढणाऱ्यांच्या बाबतीत हे अनपेक्षित नव्हते. तरीही अंदाज वेगळा आणि तुलना करून दाखवलेला फरक वेगळा. कामामुळे झालेल्या आजाराची दाद मागायची तर दुसरी गोष्ट लागते.

त्याच वर्षी केलग्रेन यांनी आर. मूर यांच्यासह आणखी एक निरीक्षण मांडले. मध्यमवयीन स्त्रियांच्या बोटांच्या टोकाजवळच्या सांध्यांवर गाठी येतात. अठराव्या शतकातील डॉक्टर हेबर्डन यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. या गाठी असलेल्या अनेकींच्या गुडघ्यांत, अंगठ्याच्या मुळाशी आणि मणक्यांतही झीज दिसते. म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिस हा प्रत्येक वेळी एकाच सांध्याच्या वापराचा हिशेब नसतो. काहींमध्ये तो एकाच वेळी अनेक सांध्यांत येतो.

दोघांनी एकच एक्स-रे पाहिला तर?

सर्वेक्षणे वाढली तसा एक्स-रेंचा ढीग वाढला आणि अडचण समोर आली. एकच फिल्म एका डॉक्टरला ‘झीज आहे’ अशी दिसे, दुसऱ्याला ‘वयाप्रमाणे ठीक’. आजारी माणसावर उपचार करताना असा मतभेद चर्चेने मिटतो. हजारो माणसे मोजताना तो निकालच बदलतो.

साध्या हिशेबाने पाहू. समजा, १००० लोकांपैकी २०० जणांच्या गुडघ्यात नक्की झीज आहे आणि ५० जणांचे एक्स-रे सीमारेषेवर आहेत. एक डॉक्टर ते ५० सोडून देईल, त्याचा आकडा २० टक्के. दुसरा ते धरेल, त्याचा २५ टक्के. पहिला खेड्यात आणि दुसरा खाणीच्या गावात गेला असेल, तर खाणीच्या गावात संधिवात सव्वापट आहे असा शोध लागेल. प्रत्यक्षात फरक गावांत नाही, डोळ्यांत आहे. व्हर्नियरची शून्य त्रुटी न तपासता दोन नळ्यांची जाडी मोजली तर जे होते तेच.

१९५७ चा प्रसिद्ध निबंध या प्रश्नावरचा आहे. ५५ ते ६४ वयोगटातील ८५ जणांचे ५१० एक्स-रे घेतले. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी ते स्वतंत्रपणे वाचले आणि श्रेणी दिली. आपली वाचने एकमेकांशी जुळतात का, हे पाहिले. एकाच माणसाने तीच फिल्म पुन्हा वाचली तर तो स्वतःशी तरी जुळतो का, हेही पाहिले. शून्य म्हणजे झीज नाही, एक म्हणजे शंकास्पद, दोन म्हणजे किंचित पण निश्चित, तीन म्हणजे मध्यम, चार म्हणजे तीव्र. पाहायचे काय? सांध्याच्या कडेला आलेली हाडाची टोके, दोन हाडांमधली कमी झालेली फट, हाडाचा वाढलेला घट्टपणा आणि बदललेला आकार. गुडघ्याच्या बाबतीत दोघांच्या वाचनातील सहसंबंध ०.८३ निघाला. १ म्हणजे पूर्ण मेळ, त्या मानाने हा चांगलाच म्हणायला हवा. इतर काही सांध्यांत मात्र तो बराच कमी होता आणि निबंधात ते आकडे झाकलेले नाहीत. वर्षानुवर्षे शेजारी बसून फिल्म पाहणाऱ्या दोन अनुभवी डॉक्टरांची ही गत असेल, तर नव्या संशोधकाने आपल्या डोळ्यांवर किती विश्वास ठेवावा?

इथे आणखी एक खोच आहे आणि या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या संशोधकाला ती लवकर समजावी लागते. दोन डॉक्टरांचे ‘८२ टक्के एकमत’ झाले, हे ऐकायला छान वाटते. पण समजा, दोघांनीही १०० पैकी कुठल्याही १० फिल्म डोळे मिटून ‘आजारी’ ठरवल्या. तरी सरासरी ८१ फिल्मवर दोघे ‘निरोगी’ म्हणतील आणि एका फिल्मवर ‘आजारी’. एकमत ८२ टक्के, ज्ञान शून्य. योगायोगाने होणारे एकमत वजा करून उरलेले मोजण्याचे सूत्र जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडले. ‘कापा’ या नावाने ते आज अशा प्रशिक्षणांत सर्रास शिकवले जाते.

मग हे जगभर कसे पोहोचले?

मँचेस्टरमध्ये शेजारी बसवून डोळा तयार करता येत होता. इतर देशांतल्या तरुण डॉक्टरांचे काय? १९६१ मध्ये रोम येथे जुनाट संधिवाताच्या लोकसंख्या अभ्यासांवर परिषद झाली. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, सर्वेक्षणात कुणाला म्हणायचा याचे निकष तिथे ठरले. ते ‘रोम निकष’ म्हणून ओळखले गेले आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत त्यांत बदल झाले. रोमच्या परिषदेचा ग्रंथ केलग्रेन यांनी एम. आर. जेफ्री आणि जॉन बॉल यांच्यासह संपादित केला. १९६३ मध्ये तो आला आणि त्याचा दुसरा खंड म्हणजे नमुना एक्स-रेंचा अ‍ॅटलास.

या अ‍ॅटलासचे महत्त्व सांगून पटणार नाही इतके साधे आहे. ‘मध्यम झीज’ हे शब्द प्रत्येकाला वेगळे दिसतात. चित्र मात्र सर्वांसमोर एकच असते. जमैकातला असो वा अमेरिकेतला, संशोधकाने आपली फिल्म पुस्तकातल्या फिल्मशेजारी धरायची आणि जिच्याशी ती जुळते ती श्रेणी लिहायची. गुरू सोबत नसतानाही गुरूचा डोळा उसना मिळण्याची ही सोय होती.

त्यातून लांबच्या तुलना शक्य झाल्या. थंड, दमट हवेने संधिवात होतो हा समज तेव्हा युरोपातही होता. लॉरेन्स आणि बॉल यांच्या गटाने उष्ण जमैकात सर्वेक्षण केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने मोंटाना या थंड राज्यातील ब्लॅकफीट आणि ॲरिझोनाच्या वाळवंटातील पिमा या दोन आदिवासी समाजांची तपासणी केली. हवामानाने आमवात होतो या समजाला त्यातून आधार मिळाला नाही. मात्र १९६३ मध्ये पिमा लोकांचा संधिवात मोजायला गेलेल्या पथकाला वेगळेच सापडले. तिथल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण विलक्षण होते. पुढे त्याच समाजात मधुमेहाचे जगातील सर्वांत मोठ्या अभ्यासांपैकी एक काम अनेक दशके चालले. घरोघर जाऊन सगळ्यांना तपासले नसते, फक्त सांधे दुखणाऱ्यांनाच बोलावले असते, तर हे नजरेत आलेच नसते.

एक्स-रे आणि वेदना यांचा मेळ बसतो का?

बसतो, पण अर्धवट. लॉरेन्स आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. श्रेणी वाढते तशी दुखण्याची तक्रार करणाऱ्यांची टक्केवारी वाढते. तरी तीव्र झीज असूनही न दुखणारे गुडघे आहेत आणि एक्स-रे जवळपास स्वच्छ असूनही रात्र जागवणारे गुडघेही आहेत. मिठाच्या पाण्याचे प्रयोग आठवले तर यात नवल वाटायला नको. म्हणूनच ‘ग्रेड ४, म्हणजे लगेच सांधा बदला’ किंवा ‘ग्रेड १, म्हणजे दुखणे मनाचे’ ही दोन्ही वाक्ये या श्रेणीकडून मूळ कामापेक्षा जास्त वदवून घेतात. ऑपरेशनचा निर्णय वेदना, चालण्याची ताकद, वय, इतर आजार आणि आधीच्या उपचारांचा परिणाम पाहून व्हायला हवा. एक्स-रे त्यातला एक कागद आहे.

श्रेणीत दोषही आहेत. हाडाच्या टोकांवर तिचा भर मोठा आहे. फट कमी झाली पण टोके नाहीत, अशा गुडघ्याला कुठे बसवायचे यावर वाद होतो. केलग्रेन यांच्या स्वतःच्याच वेगवेगळ्या लेखनात श्रेणींची वर्णने तंतोतंत एक नाहीत. त्यामुळे पुढच्या संशोधकांनीही ती वेगवेगळ्या शब्दांत वापरली. एकसारखे मोजायला शिकवणाऱ्या मापाच्या बाबतीत हे घडले, ही जरा गंमतच. त्याचे ओझे मात्र पुढच्या पिढ्यांनी वाहिले. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवताना ‘तुमचा ग्रेड २ कोणता?’ हा प्रश्न आजही आधी विचारावा लागतो.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

मँचेस्टरची पद्धत महाग होती. प्रत्येक गावात एक्स-रे यंत्र आणि तज्ज्ञ डॉक्टर नेणे बहुतेक देशांना परवडणारे नव्हते. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाताच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘कॉपकॉर्ड’ हा कार्यक्रम आखला. त्यात क्रम उलटा आहे. सुरुवात एक्स-रेने नव्हे, दुखण्याच्या प्रश्नावलीने. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते घरोघर जाऊन दुखणे असलेल्यांना शोधतात आणि तज्ज्ञ फक्त त्यांनाच तपासतात. एक्स-रे गरजेपुरता.

१९९६ मध्ये हा अभ्यास पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे झाला. उजनीच्या पाणलोटातील रोहित पक्ष्यांसाठी राज्याला माहीत असलेले हे गाव संधिवाताच्या संशोधनात त्या अभ्यासामुळे ओळखले जाते. ४०९२ प्रौढांच्या पाहणीत १८.२ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचे दुखणे आढळले. आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आणि ऑस्टिओआर्थरायटिसचे ५.८ टक्के होते. हे आकडे ली किंवा वेन्सलीडेलच्या एक्स-रे आकड्यांशेजारी थेट ठेवता येत नाहीत, कारण तिथे फिल्म मोजली होती आणि इथे दुखणारा माणूस. एपिडेमिओलॉजी शिकायला आलेल्या विद्यार्थ्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. प्रश्न कार्यकर्त्याने विचारला तरी आधीची अट सुटत नाही. दोन कार्यकर्त्यांनी एकाच घरी जाऊन एकच उत्तर लिहिले पाहिजे. त्यासाठी प्रशिक्षण लागते, आणि भिगवणच्या वस्त्यांवर तो प्रश्न मराठीत कसा विचारायचा हेही शिकावे लागते. ‘दुखते’, ‘ठणकते’, ‘आखडते’ आणि ‘कळ मारते’ ही चार वेगळी उत्तरे आहेत.

केलग्रेन यांच्यानंतर काय झाले?

१९६८ ते १९७३ या काळात केलग्रेन मँचेस्टरच्या वैद्यकीय शाखेचे अधिष्ठाता होते. १९७६ मध्ये ते निवृत्त झाले. लॉरेन्स यांनी आपल्या सर्वेक्षणांचे सार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. मँचेस्टरमध्ये संधिवाताच्या एपिडेमिओलॉजीचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले. तिथले फिलिप वूड यांनी आजारामुळे येणाऱ्या अपंगत्वाचे वर्गीकरण तयार केले आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये ते प्रसिद्ध केले. सांधा किती झिजला यासोबत माणसाला जिना चढता येतो का, हेही त्यामुळे मोजणीत आले. केंद्राला पैसा पुरवणारी संस्था १९३६ मध्ये ‘एम्पायर ऱ्हुमॅटिझम कौन्सिल’ म्हणून सुरू झाली होती. नावे बदलत पुढे ती ‘व्हर्सस आर्थरायटिस’ झाली.

केलग्रेन यांचे २००२ मध्ये निधन झाले. तोपर्यंत एमआरआय आला होता आणि कूर्चा थेट दिसू लागली होती. तरीही गुडघ्यावरच्या औषधांच्या चाचण्यांत रुग्ण निवडताना ‘केएल ग्रेड २ किंवा ३’ अशी अट आजही लिहिली जाते. आणि अशा चाचणीचे एक्स-रे वाचायला बसणाऱ्या नव्या संशोधकाला आधी जुन्या फिल्मचा संच देतात. नाव झाकलेले, वय झाकलेले. तो संच वाचायचा, काही दिवसांनी तोच पुन्हा वाचायचा, आणि आपण स्वतःशी किती जुळलो ते पाहायचे.